मादीची चोच

डोंगरांच्या दोन रांगांमध्ये एक खोल, हिरवीगार दरी होती आणि त्या दरीत धनेश पक्ष्यांचा एक थवा पिढ्यान्‌पिढ्या राहत आला होता. मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. अंगाने घारीपेक्षा मोठा, उडताना पंखांचा आवाज असा की खाली चालणारा माणूस दचकून वर पाहतो, आणि चोच तर विचारूच नका! वीतभर लांब, वाकडी, जाड, पिवळीधमक. एवढी चोच नरालाही असते आणि मादीलाही असते. तुम्हाला हे एकदा सांगून पुरेल. त्या थव्यातल्या शहाण्यांना मात्र ते कधीच दिसले नव्हते.

धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने व फळांच्या चोथ्याने लिंपून बंद केले जाते. चोच बाहेर निघेल एवढी उभी फट तेवढी राहते. नर रानभर हिंडून फळे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. साप, घोरपड, माकड, कुणालाच आत शिरता येत नाही. रीत चांगली आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या दरीतल्या थव्याने तिला आपल्या पदरचे थोडे जोडले होते. पिल्ले मोठी झाली की भिंत फोडायची ती नराने, आणि तीही ज्याने लिंपली त्यानेच. मादीने आतून भिंतीला चोच लावायची नाही. का? तर मादीची चोच तडकते.

हे सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक कसे झाले, ते ऐका. नर पिल्लू उडायला लागले की त्याला एका वठलेल्या झाडावर नेत आणि त्याच्याकडून खोडावर चोच आपटून घेत. रडले तर हसत. "नराला लागत नाही," असे त्याला सांगत. त्याला लागत असे, पण दोन-चारदा हसू झाल्यावर ते पिल्लू लागले म्हणायचे सोडून देई. मादी पिल्लाला मात्र त्या झाडाकडे फिरकू देत नसत. तिने चोच मिटून, मान थोडी खाली घालून बसायचे. असे बसवून बसवून मोठ्या झालेल्या माद्यांकडे पाहून थवा म्हणे, "पाहिलंत? माद्या जात्याच नाजूक."

त्या थव्यात एक तरुण धनेशीण होती. लहानपणी तिला फार प्रश्न पडत. थव्यातली सर्वांत वयस्क मादी, जिला सगळे आत्याबाई म्हणत, तिला तिने एकदा विचारले होते, "आत्याबाई, चोच तडकलेली मादी तुम्ही पाहिलीत?"

"मी कशाला पाहू? पलीकडच्या दरीत होती म्हणे एक."

"तुम्ही पलीकडच्या दरीत गेला होतात?"

"जास्त बोलू नये मादीने," आत्याबाई म्हणाली. "तडकली तर जन्मभर उपाशी मरशील, तेव्हा कळेल." आत्याबाई दुष्ट नव्हती बरे. या पोरीवर तिचा फार जीव होता, आणि तिचे भले व्हावे म्हणूनच ती बोलत होती. पोरीने पुन्हा विचारले नाही. पुढे पुढे तिला विचारावेसेही वाटेना.

यथाकाल धनेशिणीचे एका धनेशाशी जुळले. दोघांनी दरीच्या टोकाच्या बेहड्याच्या झाडातली ढोली निवडली. ती आत शिरली, त्याने चिखल आणून तोंड लिंपले, आणि तिने दोन अंडी घातली. तिची जुनी पिसे गळून पडली आणि त्यांच्या मऊ गादीवर दोन पिल्ले बाहेर आली. एक थोरले, एक धाकटे. नर मोठा मायाळू होता. फळे भरवून झाली तरी तो फटीपाशी बसून राही. कुठल्या झाडाला बहर आला, कोण कुणाशी भांडले, सगळे तिला सांगत बसे. थव्यातले बाकीचे नर हे बघून हसत. थव्याचा म्होरक्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, भिंतीतून गप्पा मारण्यापेक्षा तूच जाऊन बस की आत!" त्या दिवसापासून त्या नराने फटीपाशी बसणे सोडले. आपण कमी नाही हे दाखवायला तो सगळ्यांपेक्षा लांबच्या झाडांवर जाऊ लागला.

अशाच एका लांबच्या फेरीत गरुडाने त्याच्यावर झडप घातली. तो कसाबसा निसटला, पण पंख फाटला. तो फळ घेऊन आला तेव्हा धनेशिणीने फटीतून पाहिले आणि ती घाबरली.

"अहो, पंखाला काय झालं?"

"काही नाही. काटा लागला."

"रक्त येतंय. शेजारच्यांना सांगा ना, चार दिवस तेही आणतील थोडी फळं."

"वेडी आहेस का? दुसऱ्याने माझ्या घरी फळं आणायची? मग मी कशाला आहे?"

शेजारच्या झाडावरच्या धनेशाने त्याचा लोंबणारा पंख पाहिला होता. त्याच्या मनात आले, विचारावे. त्याने विचारलेही, "काय रे, बरं आहे ना?" हा म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" शेजारी आपल्या झाडावर परतला. दुसऱ्याच्या मादीसाठी फळ नेणे म्हणजे त्या नराच्या तोंडावर थुंकणे, असे तोही लहानपणापासून ऐकत आला होता. जखमी धनेश आणखी काही दिवस फाटक्या पंखाने उडत राहिला. मग एका सकाळी तो गेला तो परतला नाही. दुपारी थव्यातल्या पक्ष्यांना तो एका उंबराखाली मरून पडलेला दिसला. चोचीत फळ तसेच होते.

बातमी द्यायला आत्याबाई आली. धनेशीण आत रडली, आत्याबाई बाहेर रडली. पिल्लांना काहीच कळत नव्हते, ती भुकेने ओरडत होती. रडणे आवरल्यावर धनेशिणीने विचारले, "आता माझी भिंत कोण फोडणार, आत्याबाई?"

आत्याबाईने डोळे पुसले. ती म्होरक्याकडे गेली. म्होरक्याने नरांना जमवले आणि चर्चा सुरू झाली. ज्याने लिंपली त्यानेच फोडायची, ही रीत. तो तर मेला. दुसऱ्याने फोडली तर ती त्याची मादी ठरणार, आणि इथे तर जवळजवळ प्रत्येकाची मादी आधीच ढोलीत बसलेली. मग बिनलग्नाच्या एखाद्या नराने फोडावी? पण तो दोन पिल्लांचे ओझे कशाला घेईल? एक जण म्हणाला, "फळं तरी पोहोचवू या." दुसरा म्हणाला, "फटीतून फळ भरवणं म्हणजे काय, कळतं का तुला?" सगळे ओशाळले. म्होरक्याने शेवटी मान हलवून सांगितले, "घाईचं काम नाही. विचार करू." विचार करणारे सगळे जण पोटभर जेवलेले होते हे सांगायला नकोच.

शेजारच्या धनेशाला मात्र राहवेना. तो रोज बेहड्यावरून उडत जाई आणि चोचीतले एखादे फळ सुटल्यासारखे करून झाडाच्या बुंध्याशी टाकी. फटीपर्यंत जाण्याची त्याची छाती नव्हती. धनेशिणीला फटीतून खाली ती लालबुंद उंबरे पडलेली दिसत. पिल्लांनाही वास येई. मुंग्या येऊन ती फळे खाऊन टाकीत. असल्या भल्या मनाचा मला मनापासून राग येतो.

बेहड्याच्या वरच्या फांदीत एक सुतारीण, म्हणजे सुतार पक्ष्याची मादी, राहत असे. पिल्लांचे ओरडणे ऐकून ती खाली उतरली आणि फटीशी लटकली.

"अगं, आत काय करतेस अजून? पिल्लं मरतील की!"

"भिंत फोडायला कुणी नाही," धनेशीण म्हणाली.

"कुणी नाही? तू आहेस ना! तुझी एवढी कुऱ्हाडीसारखी चोच. मार की दोन टोले."

"मादीची चोच तडकते."

सुतारीण खो खो हसली. "मी मादीच आहे, बाई. माझं घर मी लाकूड फोडून केलंय, आणि माझी चोच तुझ्या चोचीपुढे काडीएवढी. कुठे तडकली?"

"तुमचं वेगळं असतं," धनेशीण म्हणाली. "आमच्यात नाही चालत."

सुतारिणीने पुढे वाद घातला नाही. तिने मुंग्यांची थोडी अंडी आणून फटीतून आत टाकली आणि बाहेरून भिंतीवर चोच मारायला सुरुवात केली. ठक्‌ ठक्‌ आवाज दरीत गेला. लगेच आत्याबाई आली, तिच्यामागून म्होरक्या आला, चार नर आले. "आमच्या पोरीच्या भिंतीला हात लावतेस? ती परक्यांनी फोडायची नसते!" असे ओरडत त्यांनी सुतारिणीला फांदीफांदीवरून हुसकले आणि तिच्या पाठीची पिसे उपटली. घाईचे काम नाही म्हणणारे ते हेच. सुतारीण दरीच्या दुसऱ्या बाजूला पळाली. भिंतीवर तिच्या टोल्यांचे लहान लहान खळगे तेवढे राहिले.

आत्याबाई मग फटीपाशीच बसली, पण रिकाम्या चोचीने; फटीतून भरवणे हे फक्त नराचे काम, ही रीत तीही मोडणार नव्हती. "धीर धर गं," ती पुन्हा पुन्हा म्हणे, "काहीतरी मार्ग निघेल. तू शहाणी आहेस, शहाण्यासारखी राहा." तिचा आवाज मायेने भरून येई. त्या मायेने एकही पोट भरत नव्हते.

धाकटे पिल्लू ओरडेनासे झाले. धनेशिणीने त्याला पंखाखाली घेतले, हलवले, चोचीने त्याची मान वर केली. मान खाली पडली. ते मेले होते.

तेव्हा धनेशिणीच्या अंगात काय आले कोण जाणे. ती उठली. एव्हाना तिची नवी पिसे पुरती उगवली होती, अंगात उडण्याइतके बळ अजून होते. तिने मान मागे घेतली आणि भिंतीवर चोच हाणली. एकच टोला! कट्‌ असा आवाज झाला, डोक्यात झिणझिण्या गेल्या आणि काहीतरी तुटून तिच्या पायांवर पडले. मुलांनो, ते भिंतीचे ढेकूळ होते. तिथे भिंतीला भोक पडले होते, त्यातून उजेड आत आला होता, आणि असे आणखी चार टोले मारले असते तर ती मोकळी झाली असती. पण तिने उजेडाकडे पाहिलेच नाही. तिने फक्त आवाज ऐकला. तडकली! आपली चोच तडकली! तिने जिभेने चोचीचे टोक चाचपले. ते खरबरीत लागले. भिंतीची माती चिकटली होती ती, पण तिला वाटले, चोचीचा टवका उडाला.

बाहेरून आत्याबाईने विचारले, "आवाज कसला गं?"

धनेशीण भिंतीपासून मागे सरकली. "काही नाही, आत्याबाई," ती म्हणाली.

आणि तिने पायांखालची ओली घाण उचलून ते भोक लिंपून टाकले. स्वतःच्या चोचीने. हे सांगताना माझा संताप होतो, आणि संतापून झाले की रडू येते. तिला कुणी बांधले नव्हते. पहाऱ्यावर वाघ नव्हता. लहानपणी ऐकलेले एक वाक्य तेवढे होते.

त्यानंतर ती फार जगली नाही. सुतारिणीने टाकलेल्या अंड्यांतले एकही तिने खाल्ले नव्हते, सगळी पिल्लांनाच भरवली होती. एका सकाळी आत्याबाईने हाक मारली तर आतून ओ आली नाही. आत्याबाई छाती पिटत म्होरक्याकडे गेली. थवा गोळा झाला आणि बेहड्याभोवतीच्या फांद्यांवर माना खाली घालून बसला.

आत थोरले पिल्लू आईला ढुशा देऊन पाहत होते. आई उठेना. पिल्लाला भूक लागली होती. लिंपलेल्या भोकाच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ आत येत होती, आणि पिल्लाला आजवर जे काही खायला मिळाले होते ते उजेडाच्याच बाजूने आले होते. त्याने तिथे टोच मारली. ढेकूळ पडले. पुन्हा मारली, पुन्हा पडले. त्याची चोच अजून मऊ होती, आईच्या चोचीच्या निम्मीही नव्हती. पण त्याला अजून कुणी काही शिकवले नव्हते. ते टोचत राहिले, चोच दुखली की थांबत राहिले, पुन्हा टोचत राहिले. बाहेर बसलेल्या थव्याच्या डोळ्यांदेखत भिंतीचा मोठा तुकडा सुटून खाली गेला आणि धुळीने माखलेले एक पिल्लू ढोलीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

म्होरक्याने विचारले, "भिंत कुणी फोडली?"

"मी फोडली," पिल्लू म्हणाले. "मला भूक लागलीय."

"शाबास रे पठ्ठ्या!" म्होरक्या गरजला. "बापाचं नाव राखलंस! नराचं पोर ते नराचंच पोर!" सगळा थवा 'वा, वा' करू लागला. पोरका नर म्हणजे थव्याचा मुलगा, त्याला कुणीही भरवावे. चार जण फळे आणायला धावले. शेजारच्या धनेशाने तर पहिले उंबर पिल्लाच्या तोंडात घातले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पिल्लाने ते गटकन गिळले. शेजारी दुसरे उंबर घेऊन पुढे झाला.

इतक्यात आत्याबाई जवळ आली, तिने पिल्लाच्या तोंडावरची धूळ पुसली आणि ती थबकली. धनेशांमध्ये नराचे डोळे लाल आणि मादीचे पांढरट असतात. हे डोळे पांढरट होते.

"अगं बाई," आत्याबाई हळूच म्हणाली, "ही तर मादी आहे."

'वा, वा' बंद पडले. शेजारच्या धनेशाची पुढे आलेली चोच उंबरासकट मागे गेली. म्होरक्या एकदा पिल्लाकडे आणि एकदा भिंतीकडे पाहू लागला. मग तो भिंतीपाशी गेला, एक ढेकूळ उचलून कुस्करले आणि म्हणाला, "हं. कच्ची होती. त्याचा पंख दुखावला होता ना? नीट लिंपलीच नव्हती बिचाऱ्याने. आपोआपच पडली असणार." लिंपण करताना त्या बिचाऱ्याचे दोन्ही पंख शाबूत होते, हे सगळ्यांना माहीत होते. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने ढोलीत डोकावून मेलेल्या धनेशिणीची चोच पाहिली आणि तो भारावून म्हणाला, "हिची चोच बघा. कुठे साधा ओरखडा नाही! याला म्हणतात जातिवंत मादी." आत्याबाईनेही वाकून पाहिले. ती बराच वेळ पाहत राहिली. चोच धड आहे, थोडी माती लागलेली आहे, आणि उरलेल्या भिंतीच्या कडेला आतल्या बाजूने ती एकदा फुटून पुन्हा लिंपल्याची खूण आहे, हे तिला दिसले असेल का? दिसले असेल तरी तिने मान मागे घेतली आणि ती पिल्लाकडे वळली.

दरीच्या दुसऱ्या बाजूच्या झाडावरून सुतारीण हे सारे ऐकत होती. ती तिथूनच ओरडली, "अगं पोरी, सांग त्यांना! भिंत तूच फोडलीस ना?"

सगळ्या माना पिल्लाकडे वळल्या. पिल्लाने म्होरक्याचा चेहरा पाहिला. आत्याबाईचा पाहिला. 'मी फोडली' म्हणाल्यावर मघाशी हे चेहरे केवढे आनंदले होते आणि आता तेच कसे आवळले गेले आहेत, हे त्या एवढ्याशा जिवाने टिपले. शेजारच्या धनेशाच्या चोचीतल्या उंबराकडे त्याने पाहिले. भूक फार लागली होती.

"नाही," पिल्लू म्हणाले. "ती आपोआप पडली."

"गुणाची गं माझी बाय!" आत्याबाई म्हणाली आणि तिने पिल्लाला पंखाखाली घेतले. थव्याने सुटकेचा श्वास सोडला. भिंतीबाहेर आलेल्या पिल्लाला आत्याबाईच्या हातून भरवायला हरकत नव्हती, म्हणून शेजाऱ्याने उंबर तिच्याकडे दिले, आणि पिल्लाला ते मिळाले.

तात्पर्य : जे बळ अंगात असते ते कुणी शिकवावे लागत नाही, ते आपल्यात नाही, हे मात्र शिकवावे लागते. आपल्या समाजाने नराला काय शोभते आणि मादीला काय झेपत नाही हे ठरवून दिले असेल, तर ते आपल्या चोचीने तपासून पाहावे. कारण ते खोटे निघाले तरी समाज आपला शब्द मागे घेत नाही, आपल्यालाच खोटे बोलायला लावतो.